तीन धुराड्यांची विनाशिका

आमच्या दापोली तालुक्यातल्या गावातून आखातात गेलेली माणसं पुष्कळ आहेत. पण तिकडचं वर्णन कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. सुट्टीवर आलेली माणसं ब्लँकेटं आणतात, साबण आणतात, गुडघ्याला चोळायचं मलम आणतात, आणि कसं आहे विचारलं की "गरम खूप" एवढंच सांगतात. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं असं समजतो. दोन हजार सालच्या जूनमध्ये, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर, मी बाबांकडे शारजाला महिनाभर राहून आलो. जे पाहिलं ते सांगतो. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना मला स्वतःबद्दल चांगलं वाटत नाही. पण ती गाळली तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ राहणार नाही.

बाबांनी मला नुसतं भेटायला बोलावलं नव्हतं. ते पत्राकाम करतात. सोळा वर्षं त्यांनी शारजात उन्हात उभं राहून पाण्याच्या टाक्या आणि गेट बनवली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात बारीक कामाला चांगला आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांना त्याच मालकाच्या मॉडेलच्या वर्कशॉपमध्ये घेतलं. तिथे इमारतींच्या छोट्या प्रतिकृती बनतात. एसी असतो, बसायला स्टूल असतं. त्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच एक काम एकट्याला मिळालं होतं: एका म्हाताऱ्या इटालियन गिऱ्हाइकासाठी जुन्या युद्धनौकेचं पितळी मॉडेल. ते पसंत पडलं तर जहाजांचं टेबल कायमचं बाबांचं, असं ठरलं होतं. नाही पडलं तर परत टाक्या.

बाबांनी पत्रात जहाजाचं नाव देवनागरीत लिहून पाठवलं होतं: अक्विलोने. "तुझ्या लायब्ररीत काही मिळतं का बघ. साहेबांनी एक फोटो दिलाय, पण तो पुसट आहे."

मला मिळालं. कॉलेजच्या लायब्ररीत युद्धनौकांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, कुणी उघडत नसावं असं. त्यात ही विनाशिकांची अख्खी जात सापडली. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर नेपल्समध्ये बांधलेल्या सहा बहिणी, इंग्रजी नौकांच्या धर्तीवरच्या. लांब, अरुंद, वजनाने हलक्या, ताशी तीस मैलांच्या पलीकडे धावणाऱ्या. सहाही जणींना वादळांची नि वाऱ्यांची नावं. अक्विलोने म्हणजे उत्तरेचा वारा. एका पानावर 'आराखडा' या मथळ्याखाली मापं आणि बाजूने काढलेलं स्वच्छ चित्र होतं. पुढच्या पानावर 'सेवा' असा मथळा होता. कुठली बंदरं, कुठली लढाई, कोण कुठे बुडालं. मला वाटलं, मॉडेल बनवायला लढायांचा काय उपयोग? आराखड्याच्या पानाची झेरॉक्स काढली आणि पुस्तक परत दिलं.

शारजा

विमानतळाच्या बाहेर पाय टाकला आणि चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या झाल्या. हवा इतकी दमट की स्टोव्हवर ठेवलेल्या भांड्याचं झाकण कुणी काढल्यासारखं वाटलं. मी काचा पुसतोय तोवर माझ्या हातातली बॅग कुणीतरी काढून घेतली. ते बाबा होते. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "इथे नको, लोक बघतात." आणि लगेच शेजारच्या टॅक्सीवाल्या पठाणाला स्वतःच सांगायला लागले, "मेरा लडका है. इंजिनिअर."

"बाबा, अजून एक वर्ष आहे," मी म्हटलं.

"असू दे. त्याला काय कळतंय?"

बाबांची खोली औद्योगिक भागात एका गॅरेजच्या वर होती. खाली दिवसभर टायरच्या हवेचा आवाज, वर आठ माणसं, चार दुमजली खाटा. भिंतीवर बाथरूमचं वेळापत्रक होतं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. चपला दाराबाहेर ठरलेल्या क्रमाने ठेवायच्या, म्हणजे पहाटेच्या पाळीवाल्याला अंधारात सापडतात. आमच्या घरी चार माणसांत कधी इतकी शिस्त पाहिली नव्हती. बाबांच्या खाटेशी भिंतीला काय चिकटवलेलं आहे ते मी वाकून पाहिलं. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स होती. कडा पिवळ्या झाल्या होत्या.

खोलीचा स्वयंपाक गोविंदकाकांकडे होता. ते चिपळूणकडचे, बाबांच्या आधीपासून तिथे असलेले. मला बघून त्यांनी हातातला झारा वर केला.

"ये रे इंजिनिअर! तुझ्या बापाने डोकं खाल्लंन आमचं. माझा पोरगा पुस्तक घेऊन येतोय, माझा पोरगा पुस्तक घेऊन येतोय. दाखव तरी कसलं पुस्तक ते."

मी झेरॉक्सचा कागद काढला.

"एकच पान?" काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

जेवायला कुबूस म्हणजे तिकडची मैद्याची रोटी, भात आणि माशाचं कालवण होतं. आईने पाठवलेली कोकमं काकांनी तिथल्या तिथे वापरली. "ही सुरमई बारा दिरहमची. म्हणजे एकशे चाळीस रुपये," ते प्रत्येकाच्या ताटात तुकडा वाढताना सांगत होते. "काटा पण चोखा." बाबांनी आपल्या ताटातला तुकडा माझ्या ताटात ठेवला, मी परत ठेवला, त्यांनी पुन्हा ठेवला. मासा चवीला आमच्याकडच्यासारखाच होता. नुसता तिखट कमी.

अजमान, खाडीच्या काठी

पहिल्या शुक्रवारी बाबांनी मला अजमानला नेलं. शारजाचं क्रिकेटचं मैदान बघायची माझी फार इच्छा होती, पण बसमधून त्याचे दिव्यांचे खांब तेवढे दिसले. बाबा म्हणाले, "खांब कसले बघतोस? तुला लाकडाची जहाजं दाखवतो."

खाडीच्या काठाला वाळूत अर्धवट बांधलेली लाकडी जहाजं उभी होती. बरगड्या मोकळ्या, खाली बकऱ्या सावलीला बसलेल्या. काम करणारे सुतार कच्छचे. त्यातला एक, साठीचा, कानावर पेन्सिल खोचलेला, बाबांच्या ओळखीचा निघाला. त्याने आम्हाला दूध न घातलेला, साखरेचा काळा चहा दिला. मी त्याला विचारलं की नकाशा कुठे आहे.

"नक्शा?" तो म्हणाला. "नक्शा तो बाद में साहब लोग आ के बनाते हैं. जहाज देख के."

बाबा इतके हसले की चहा सांडला. मी हसलो नाही. आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं होतं की आधी ड्रॉइंग, मग वस्तू. मी तिथे माझ्या वहीत लिहिलं, 'पद्धत अशास्त्रीय, पण काम सुबक.' ती वही अजून आहे. त्या वाक्याखाली मी पुढे काही लिहिलेलं नाही.

वर्कशॉप

शनिवारी बाबांनी मला आपल्या टेबलाशी नेलं. मोठ्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या इमारती होत्या, काडेपेटीएवढ्या मोटारी, स्पंजची झाडं. सगळ्या त्या इमारती तेव्हा दुबईत अजून बांधायच्या होत्या. आणि कोपऱ्यात, पांढऱ्या कपड्याखाली, बाबांची विनाशिका.

बाबांनी कपडा काढला तसा मी खाली वाकलो. सव्वा मीटरहून थोडी लांब, पण ओंजळीत मावेल इतकी अरुंद. पुढचा भाग कासवाच्या पाठीसारखा गोल, लाटा वरून निघून जाव्यात म्हणून. पत्र्याचे सांधे कुठे आहेत ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. कठड्याच्या तारा शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. माझ्या वडिलांना हे येतं हे मला माहीत नव्हतं. गावी सुट्टीवर आले की ते फक्त बादल्यांना बूड लावून देत.

मी त्यांना वाऱ्यांच्या नावांचं सांगितलं. ते खूश झाले.

"वाऱ्यांची नावं? उत्तरेचा वारा म्हणजे इथला शमाल. धूळ घेऊन येतो. डोळे उघडू देत नाही." मग जहाजाकडे बघून म्हणाले, "तीस मैल म्हणजे ही पण तशीच येत असेल."

मग मी झेरॉक्स काढली, चित्र मॉडेलशी धरलं आणि धुराडी मोजली.

"बाबा, धुराडी तीन कशी?"

"फोटोत तीन आहेत."

"इथे दोन आहेत. बघा."

त्यांनी हात पुसले, कागद दोन्ही कडांनी धरला, जवळ नेला, लांब नेला. "बॉयलर किती लिहिलेत?"

"तीन."

"मग तीन चुली, तीन धुराडी."

"तसं नसतं बाबा. दोन बॉयलरचा धूर एका धुराड्यात नेता येतो. आराखड्यात स्पष्ट आहे."

त्यांनी खणातून फोटो काढला. पोस्टकार्डाहून लहान, करडा, बंदरात उभ्या असलेल्या जहाजाचा. तीन धुराडी दिसत होती हे खरं. पण मागे दुसऱ्या जहाजांच्या डोलकाठ्या आणि दोर होते. "हे तिसरं मागच्या जहाजाचं असणार," मी म्हटलं. "फोटोत मागचं आणि पुढचं एकत्र दिसतं."

बाबा हळू म्हणाले, "साहेबांना हिंदी येत नाही, मला इंग्लिश येत नाही. पण त्यांनी ह्या शेवटच्या धुराड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, पापा. दोनदा म्हणाले."

"जहाज दाखवत असतील."

"बोट धुराड्यावर होतं रे."

एवढ्यात सुपरवायझर फ्रान्सिस आला. तो वसईचा, चाळिशीचा, बाबांना काका म्हणणारा; माझ्या व्हिजिट व्हिसाची धावपळ त्यानेच केली होती. त्याने काय चाललंय ते विचारलं. मी समजावून सांगितलं, नको तितकं सविस्तर आणि नको तितक्या इंग्रजीत. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली होती. बाबा माझ्या बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांना फारसं काही कळत नव्हतं, पण चेहऱ्यावर काय होतं ते मी कडेने पाहत होतो. तो अभिमान होता. त्यामुळे मी आणखी बोललो.

फ्रान्सिसने कागद हातात घेतला. "हे प्रिंटेड आहे. फोटो बघा कसा, धुक्यातला. काका, उद्या क्लायंटने ऑब्जेक्शन घेतलं तर प्रिंटेड दाखवता येतं."

"साहेबांना फोन करून विचारायचं का?" बाबा म्हणाले.

फ्रान्सिसने दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. त्या साहेबांचं देश सोडून जायचं चाललं होतं, ते घरी सापडत नसत. "खलास," फ्रान्सिस म्हणाला. "गुरुवारी डिलिव्हरी आहे. यल्ला, चला काका, बुकप्रमाणे करून टाका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं.

त्यांनी बर्नर पेटवला. सांधा तापला की धुराडं चिमट्याने हलकेच उचलायचं, तेवढंच काम. एकेक करून तिन्ही निघाली. बोटभर उंचीची, वर तोंडाशी बारीक कडी बसवलेली. भंगाराचा ट्रे शेजारीच होता, पण त्यांनी ती एका फडक्यावर ओळीने ठेवली. मला वाटलं, काटकसरीची सवय. पुढचे चार दिवस ते जेवणाच्या सुट्टीतही टेबलाशीच होते. डेकवरची भोकं बुजवायची होती, माझ्या चित्रातल्या मापाची दोन रुंद धुराडी नव्याने वळवायची होती. मी शेजारी बसून मापं वाचून दाखवत होतो. इतका वेळ मी त्यांच्याजवळ लहानपणीही कधी बसलो नव्हतो. ते चार दिवस फार चांगले गेले, आणि हेच आता आठवायला सगळ्यात अवघड जातं.

गुरुवार

आल्दो साहेब संध्याकाळी चारला आले. पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, उन्हाने तांबडे झालेले. वीसेक वर्षं त्यांनी तिकडे संगमरवराचा धंदा केला होता. आता सगळं आवरून मायदेशी चालले होते आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या सामानाचा कंटेनर बंद व्हायचा होता. मला दुभाषा म्हणून उभं केलं होतं. मी नवा शर्ट घातला होता.

बाबांनी कपडा काढला. साहेबांनी टोपी काढली, टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून कठडा पाहिला, कासवाची पाठ पाहिली, "बेल्ला, बेल्ला," म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कापूस सोडवला. आत रंगवलेला शिशाचा माणूस होता, दोन पेरं उंच, उघड्या अंगाचा, गळ्याला लाल फडकं. त्यांनी तो दोन बोटांत धरून जहाजाच्या मागच्या भागावर नेला. हात तिथे थांबला. एकदा पुढे गेला, परत मागे आला. ते नजरेने धुराडी मोजत होते, हे मला दिसलं.

"आणखी एक कुठे आहे?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. "म्हणजे तिसरं. माझे वडील तिसऱ्यापाशी होते. शेवटच्या बॉयलरवर. मी ह्यांना दाखवलं होतं."

मी बाबांकडे वळून मराठीत सांगितलं, "तिसरं कुठे, विचारतायत."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फ्रान्सिस माझ्याकडे बघत होता. फ्रान्सिस काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "साहेबांना सांग, माझी चूक झाली. नक्शा वाचताना चुकलो."

आणि मी ते सांगितलं. "माय फादर सेज इट इज हिज मिस्टेक. ही रेड द ड्रॉइंग राँग." व्याकरणात कुठेही चूक नसलेलं इंग्रजी. माझ्याकडे ते एकच वाक्य फिरवायची संधी होती. ती दोन सेकंदांची होती, तीन सेकंदांची असेल. मी तिथे दुभाषा होतो, एवढ्याच्या आड उभा राहिलो.

साहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "नो, नो. हे चूक नाही. बांधली तेव्हा ती अशीच होती, दोन धुराड्यांची. पुढे कोळसा काढून तिला तेलावर केली, तेव्हा तीन बसवली. माझे वडील आले ते तेव्हा, युद्धाच्या वर्षांत. अठरा वर्षांचे होते." मग हातातल्या शिशाच्या माणसाकडे बघून म्हणाले, "हे जहाज बरोबर आहे. फक्त माझे वडील अजून त्यावर चढलेले नाहीत."

मी हे बाबांना सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र सांगितलं नाही.

ही दोन काढून परत ती तीन बसवायला दोन दिवस लागले असते. खाली पिकअप उभा होता, जहाज तसंच त्यात चढवलं. साहेबांनी शिशाचा माणूस परत कापसात गुंडाळला आणि खिशात ठेवला. जाताना त्यांनी बाबांचा हात बराच वेळ धरला होता.

ते गेल्यावर फ्रान्सिस म्हणाला, "काका, बॉसला मी काय सांगू? बुक मीच ओके केलं हे सांगितलं तर माझं काय होईल तुम्हाला माहिताय."

"काही सांगू नका. मी चुकलो म्हणून सांगा."

"मग शनिवारपासून टाक्यांवर."

"चालेल," बाबा म्हणाले, आणि टेबल पुसायला लागले.

खोरफक्कान

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बाबांनी मला दुसऱ्या बाजूचा समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, आणि ते त्यांनी मोडलं नाही. गोविंदकाकांनी कुणाचा तरी पिकअप मागून आणला. वाळवंट संपून डोंगर लागले. आमच्या घाटासारखेच वळणावळणाचे, पण अंगावर एक पान नाही. सोललेल्या जनावरासारखे तांबडे-करडे. रस्त्याच्या कडेच्या बाजारात गालिचे टांगले होते आणि कलिंगडांचे ढीग होते. तिथेच आमचा टायर बसला.

बाबा कलिंगड घ्यायला गेले. मी काकांबरोबर जॅक लावत होतो. काका नट सोडवता सोडवता म्हणाले, "एक सांगू का इंजिनिअर? तुझ्या बापाला ठाऊक होतं."

"काय?"

"तीन होती ते. शनिवारी खोलीवर येऊन मला बोलला. मी म्हटलं, मग काढलीस कशाला गाढवा? तर म्हणाला, पोरगा सगळ्यांसमोर बोलला. आता मी त्याला खोटा कसा पाडू?" काकांनी पान्यावर पाय देऊन जोर लावला. "दोन वर्षं तुझी मार्कशीट दाखवत फिरतोय तो. उचल, टायर उचल."

मी टायर उचलला.

खोरफक्कानला समुद्र निळा होता, अर्धचंद्रासारखा वळलेला, आणि आमच्या बाजूसारखी मोठी लाट होती. शारजाचा समुद्र तळ्यासारखा असतो. हा मात्र ओळखीचा वाटला. बाबांनी पँट दुमडली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. हात लांब करून म्हणाले, "असं सरळ गेलं की आपलं गाव."

"बाबा," मी म्हटलं, "त्या धुराड्यांचं..."

"कलिंगड कापूया का? तापलं की गोड लागत नाही."

त्यांनी खिशातली छोटी सुरी काढली आणि कलिंगडाच्या फोडी केल्या. एकसारख्या, मापात. सगळ्यात मधली मला दिली. मी ती खाल्ली. माणूस इतका सहज विषय बदलतो तेव्हा तो आपल्याला सोडवत असतो, हे मला कळत होतं. सुटायचं नाही असं ठरवणं माझ्या हातात होतं. मी सुटलो.

उरलेले दिवस मी खोलीवर होतो. बाबा संध्याकाळी येत, मान उन्हाने भाजलेली, बाह्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं. वेळापत्रकातली पंधरा मिनिटं संपेपर्यंत बाथरूममधून पाण्याचा आवाज येत असे.

परत

घरी आल्यावर आईने खोका सोडला. साबण, ब्लँकेट, शेजाऱ्यांसाठी मलमाच्या बाटल्या. तळाशी जुन्या बनियनच्या तुकड्यात तीन पितळी नळ्या होत्या.

"हे काय रे?"

"जहाजाची धुराडी."

"जहाज कुठाय मग?"

मी ब्लँकेटाची घडी घालायला लागलो. आईने त्या चिंचेने घासून देव्हाऱ्याच्या फळीवर ओळीने उभ्या केल्या. मधल्या नळीत आता ती उदबत्ती लावते. सकाळी अंघोळ करून आलो की मला तो धूर दिसतो.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी लायब्ररीत गेलो. पुस्तक होतं तिथेच होतं. आराखड्याचं पान उलटलं. 'सेवा' या मथळ्याखाली, लढायांच्याही आधी, दुसऱ्याच वाक्यात लिहिलं होतं: पहिल्या महायुद्धाच्या आधी सहाही नौका तेलावर चालवण्यासाठी बदलल्या, दोन मोठ्या धुराड्यांच्या जागी तीन लहान बसवली. मग पुढे त्यांची कामं. सहातल्या तीन युद्धात बुडाल्या. अक्विलोने बुडाली नाही. ती पुढे काही वर्षांनी निकालात काढली. दोन परिच्छेदांत सगळं संपत होतं. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

त्या पानाची झेरॉक्स काढून बाबांना पाठवली. सोबत पत्र लिहिलं. चूक माझी होती, आणि त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, एवढंच लिहायला मला चार कागद फाडावे लागले. इंग्रजी मजकुराखाली शब्दाशब्दाचं मराठी लिहिलं, ह्या वेळी काही न गाळता. साहेबांचं ते शेवटचं वाक्यही लिहिलं.

तीन आठवडे काही उत्तर नाही. बाबा अजून टाक्यांवरच आहेत, हे गोविंदकाकांच्या घरून कळलं. मग मी गावी आलो असताना एका शुक्रवारी त्यांचा फोन आला, तिठ्यावरच्या बूथवर. आई आधी बोलली. पाऊस कसा आहे, गाय व्याली का, पत्रे गळतात का. मग तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"पत्र मिळालं," बाबा म्हणाले.

"हो."

मागे गोविंदकाकांचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता बोलतील. रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हीची मी तयारी केली होती.

"मला एक सांग," ते म्हणाले. "ती तिन्ही एकाच मापाची होती, का मधलं रुंद होतं? फोटोत मला मधलं जरा रुंद वाटलं होतं. मी तिन्ही सारखीच केली."

मी पान पाठ केलं होतं. त्यात ते दिलेलं नव्हतं.

"माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांना हे मी पहिल्यांदाच म्हणत होतो.

"बरं," बाबा म्हणाले. "बघ कुठे मिळतं का."